आठ आण्यांची वेचणी

दुप्पट मजुरी दिली की दुप्पट काम होतं, हे चंद्रभान मास्तरांनी चौथीच्या मुलांना त्रैराशिकात इतक्या वर्षांत इतक्या वेळा शिकवलं होतं, की त्यावर त्यांचा स्वतःचाही विश्वास बसला होता. त्रैराशिकातली पाच माणसं पाच दिवसांत विहीर खणतात, दहा माणसं अडीच दिवसांत खणतात, आणि मध्ये कोणाचीही म्हैस वीत नाही.

लढाई संपून वर्ष झालं होतं. कापसाचा भाव असा चढला होता की अकोल्यात भलीभली माणसं चालता चालता आकाशाकडे बघून हसत. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनांचे भोंगे पहाटेपासून वाजत. आणि नेमक्या त्याच साली वेचायला हात नव्हते. मानमोडीच्या तापाने आदल्या वर्षी गावोगाव घरं रिकामी केली होती, आणि उरलेले गडी जिनांत चांगल्या पगारावर लागले होते.

बाळापूरपासून दोन कोसांवर निंबखेडला मास्तरांचं सोळा एकर काळं वावर होतं. त्याच वर्षी थोरल्या भावाकडून, खुशालरावांकडून, वाटून घेतलेलं. वाटणीच्या दिवशी खुशालराव फार बोलले नाहीत. पान खात एवढंच म्हणाले, "शाया शिकलेल्याच्या वावरात कापूस पिकते, घरात येत नाई." मास्तरांना बायकोचं बोलणं दोन दिवस लागत असे आणि हेडमास्तरांचं आठवडाभर. हे वाक्य त्यांना आषाढापासून कार्तिकापर्यंत लागून राहिलं होतं. तेव्हा त्यांनी शाळेतून पंधरा दिवसांची बिनपगारी रजा घेतली, कौसल्याबाईंना बरोबर घेतलं आणि छकड्यात बसून ते निंबखेडला गेले.

निघताना अकोल्याच्या जुन्या शहरातले त्यांचे शेजारी पंजाबराव दाराशी आले. पंजाबराव एका वकिलाकडे कारकून होते आणि वकिलाला न विचारलेले सगळे सल्ले त्यांच्याकडे शिल्लक राहत. ते म्हणाले, "मास्तर, गावात वेचणीचा भाव मणामागं चार आणे हाये नं? तुमी आठ द्या. मुंगळे गुळाले येतेत तशा बाया येतीन." मास्तरांनी हे मनातल्या मनात त्रैराशिकात घालून पाहिलं. उत्तर बरोबर आलं.

निंबखेडच्या वेचणाऱ्या बायांची मुख्य माणिकबाई होती. माळ्याची. नवरा किसनराव अकोल्याच्या जिनात, घरी म्हातारी सासू, सून शालू आणि विहिरीवर वांग्या-मिरच्यांचा तुकडा. ज्या वावरात माणिकबाई जाई तिथे तिच्या मागून वीस बाया जात. मास्तरांनी आठ आणे म्हणताच तिने दोनदा विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बावीस बाया वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, हजर झाल्या. शेजारच्या वावरात खुशालरावांकडे चार आण्यांत पाच म्हाताऱ्या होत्या. मास्तरांनी छत्री उघडली आणि उगाचच त्या बाजूने एक फेरी मारली.

दुपारी सूर्य डोक्यावर आला तशा बाया ओटीतला कापूस ओतून, तो मोजून घेऊन, पदर झटकून चालू लागल्या.

"कुठं निघालात?" मास्तरांनी विचारलं.

"घरी," माणिकबाई म्हणाली.

"का बरं? कोणाची तब्येत बिघडली का?"

"नाई जी. अर्धा मन झाला. चार आणे झाले."

मास्तरांना वाटलं, हिला हिशेब कळला नसावा. त्यांनी काडी घेऊन धुऱ्यावरच्या मातीत गणित मांडलं. अर्ध्या दिवसाला चार, तर पूर्ण दिवसाला किती. माणिकबाईने वाकून नीट पाहिलं.

"बरोबर हाये तुमचं," ती म्हणाली. "आठ होतेत. पन आमाले रोजचे चारच लागतेत. अदुगर चार कराले सांज व्हये, आता दुपारी होतेत. चांगलं केलं तुमी."

"अगं, पण दुपारी घरी जाऊन करणार काय?"

"वांग्याले पानी देनं हाये. सुनेचं डोस्कं पाह्यनं हाये, उवा झाल्या तिच्या. अन् जराशी निजीन म्हनतो. पंधरा वर्सं झाली, दुपारची निजली नाई मी."

"निजण्याचे पैसे मिळतात का?"

तिने खरोखरच विचार केला. "निजाचे कोन देते, मास्तर," ती म्हणाली, आणि गेली. तिच्यामागून एकवीस बाया गेल्या.

तिसऱ्या दिवशी बावीसच्या चौदा झाल्या. ज्यांचे नवरे जिनांत होते त्यांच्या घरी पैसे येत होते, आणि घरधनी कमावत असताना बाईने लोकाच्या वावरात वाकावं हे दिसायला बरं नाही, असं गावात नव्यानेच ठरलं होतं. गोदाबाई तर दारात खाट टाकून बसली होती. मास्तर स्वतः बोलवायला गेले तेव्हा तिने त्यांना चहा दिला, साखरेचा, आणि म्हणाली, "आता मालकीन झाली मी."

त्या दिवशी जेवताना मास्तरांनी या जातीच्या आळसावर एक लहानसं व्याख्यान दिलं. रागात आले की त्यांची शाळेतली भाषा सुटे. "यायले पैसा देला की काम टाकून देतेत. कष्टाची गोडीच नाई."

कौसल्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "अजी, तुमचा पगार पाच रुपयानं वाढला होता नं चैतात?"

"मग?"

"दुसऱ्या दिवशी तुमी पेढीवाल्याच्या पोराची शिकवनी सोडली. म्हने, आता कोन मरते संध्याकायी. घरी येऊन झोपाळ्यावर बसू लागले."

"ती गोष्ट वेगळी आहे."

"असन," कौसल्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनी भाकरी उलटली. ती गोष्ट वेगळी कशी, हे मास्तर हात धुवेपर्यंत शोधत राहिले. शिकवणी म्हणजे बुद्धीचं काम, बुद्धीला विसावा लागतो, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. पण कौसल्याबाई तोवर गोठ्यात गेल्या होत्या.

रविवारी बाळापूरच्या टांग्यांच्या अड्ड्यावर पंजाबराव भेटले. ते कोर्टाच्या कामाला आले होते. त्यांना आपला सल्ला फसल्याचं दुःख झालं नाही. त्यांच्याजवळ दुसरा होता. "मास्तर, चूक भावाची नाई. या बायायले काई घ्याचंच नाई, तं थ्या कमावतीन कायले? गरज उभी करा. वावरातच बांगड्यावाला बसवा. जिलबीवाला बसवा. मंग पाहा, सांजपर्यंत हालत नाईत."

हे मास्तरांना पटलं, कारण ते कोणा विद्वानाच्या पुस्तकात असावं असं वाटत होतं. त्यांनी सूर्यभान कासाराला गाठलं. सूर्यभान म्हणाला, मी येईन, पण धंदा नाही झाला तर दिवसाचा रुपया तुम्ही द्यायचा. जिलबीवाल्याने तेल आणि गूळ आगाऊ मागितला. सोमवारी सकाळी मास्तरांच्या धुऱ्यावर बाभळीखाली बांगड्यांची माळ लटकली आणि कढई चढली. धूर खुशालरावांच्या वावरात गेला. खुशालराव आले, उभे राहिले, त्यांनी एक जिलबी खाल्ली. "कापूस कधी येचाचा?" एवढंच विचारून गेले.

पण पहिले दोन दिवस मास्तरांचं खरं ठरलं. बाया थांबल्या. अंधार पडेपर्यंत वेचलं. गोदाबाई खाटेवरून उठून आली. मास्तरांनी अकोल्याला हेडमास्तरांना पत्र लिहिलं, त्यात कापसाबद्दल दोन ओळी आणि मनुष्यस्वभावाबद्दल दोन पानं.

तिसऱ्या दिवशी एकही बाई आली नाही. मास्तर माणिकबाईच्या दारी गेले. तिने दोन्ही हात पुढे केले. मनगटापासून कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या.

"हे हात बोंडात घालू का मी? वाळल्या बोंडाची काटं पाह्यली का तुमी? सात तुटतीन एका दिसात." तिने हात वळवून स्वतःच पाहिले. "जन्मात पयल्यांदा हातभर भरल्या, मास्तर. आठ दिस तं घालू द्या."

तिथून परतताना कोतवालाने मास्तरांना कागद दिला. बाळापूरच्या आठवडी बाजाराचा ठेका ज्याने घेतला होता, त्याने तक्रार केली होती की निंबखेड शिवारात विनापरवाना बाजार भरतो आणि त्याचं नुकसान होतं. मास्तरांनी अकोल्याच्या कचेरीत येऊन खुलासा करावा.

कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा मास्तरांच्या वर्गात दोन वेळा नापास झाला होता. कारकून अतिशय आदराने बोलला. "बसा, मास्तर. शेत आहे की बाजार, एवढंच ठरवायचं आहे. पटवाऱ्याचा दाखला आणा की ते शेत आहे."

"सोळा एकर कापूस उभा आहे. शेतच आहे ते."

"तेच दाखल्यावर आणा."

पटवारी गावात नव्हता. मेहुण्याच्या लग्नाला धामणगावला गेला होता. दुसऱ्या दिवशी सापडला. त्याने दाखला दिला, त्याबद्दल मास्तरांकडून पान-तंबाखू खाल्ली आणि आपल्या पोराला मास्तरांच्या शाळेत घेण्याचं कबूल करून घेतलं. तिसऱ्या दिवशी कारकुनाने दाखला दोनदा वाचला. "यात कापूस पेरलेला आहे असं लिहिलं आहे. बांगड्या विकल्या नाहीत असं कुठं आहे?"

"विकल्या. पण त्या बायांनी कापूस वेचावा म्हणून."

"म्हणजे विकल्या." कारकुनाने ते लिहून घेतलं. "दंड मोठा नाही. सही इथं करा. माझा पोरगा कसा आहे अभ्यासात?"

मास्तर म्हणाले, हुशार आहे. नोकरीत ते पहिल्यांदाच खोटं बोलले. ते कचेरीच्या पायऱ्या उतरले तेव्हा मोर्णा नदीच्या पलीकडे आभाळ काळं झालं होतं. मार्गशीर्षात वऱ्हाडात आभाळ काळं होतं तेव्हा सगळा मुलूख एकाच दिशेला बघत गप्प होतो. बोंडातला कापूस भिजला की पिवळा पडतो, आणि पिवळ्या कापसाला जिनवाले हात लावून हसतात.

छकडा मिळेना. मास्तर बाळापूरपर्यंत एका व्यापाऱ्याच्या बंडीत बसून आणि पुढे दोन कोस चिखलातून चालत निंबखेडला पोचले. पाऊस येऊन गेला होता. वावराच्या वरच्या बाजूला पांढरं काहीच उरलं नव्हतं. कापूस लोंबत होता, काही मातीत पडून काळा झाला होता. पण विहिरीकडचा तुकडा, पाच-सहा एकर, स्वच्छ वेचलेला होता. आणि खोपटात छपराखाली कापसाचा ढीग कोरडा होता. शेजारी कौसल्याबाई बसल्या होत्या, नऊवारीचा काष्टा खोचलेला, गुडघ्यापर्यंत चिखल, बोटांची टोकं रक्ताळलेली.

"कोणी वेचला?"

"आमी. मी, माणिकबाई, अन् नऊ जनी. सकायी आभाळ दिसलं तशी मी तिच्या घरी गेली."

"किती भाव केला?"

"भाव कोनी काढला नाई."

"म्हणजे? काही तरी बोलली असेल."

कौसल्याबाईंनी आठवून पाहिलं. "मी दारात उभी राह्यली तं ती म्हने, वयनी तुमी आल्या? अन् बांगड्या काढून उतरंडीवर ठेवल्या तिनं. एक एक. बस."

मास्तरांना यातलं काहीच त्रैराशिकात बसवता येईना. त्याऐवजी त्यांना आपल्या बायकोच्या पायाचा चिखल दिसला. तो खुशालरावांनाही दिसलाच. ते संध्याकाळी घरी आले आणि ओसरीवर बसून त्यांनी पान लावलं. मग म्हणाले, "आपल्या घरची सून आजवर येचाले गेली नव्हती. आठ आणे देऊन तू हे पाह्यलं. मी चार देत होतो, माही बायको घरी होती." त्यांच्याबरोबर येऊन आत कौसल्याबाईंजवळ बसलेल्या त्यांच्या बायकोने, मैनाबाईंनी, भांडं जोरात ठेवलं, कोणाच्या बाजूने ते कळलं नाही.

त्या साली मास्तरांच्या हाती आलेला पैसा दंडात, कासाराच्या रुपयांत आणि बिनपगारी रजेत गेला. त्यांनी पेढीवाल्याच्या मुलाची शिकवणी पुन्हा धरली, आणि त्याच्या धाकट्या भावाचीही.

पुढच्या साली पाऊस निम्मा झाला आणि कापसाचा भाव दिवाळीच्या आधीच कोसळला. अकोल्याच्या कितीतरी जिनांचे भोंगे त्या हंगामात वाजलेच नाहीत. गडी परत आले. किसनराव परत आला आणि विहिरीवर बसून राहू लागला. विहिरीत पाणी नव्हतं, वांगी गेली होती.

मास्तरांनी ठरवलं होतं, या वर्षी शहाणपण नको, गावचा जुना भाव, चार आणे. पण खुशालरावांच्या ओसरीवर गावातल्या वावरवाल्यांची बैठक झाली आणि तिथे तीन ठरले. खुशालराव म्हणाले, "तू एकटा चार देशीन तं आमी वाईट दिसतो. भाऊ म्हनून सांगतो." भावाने भाऊ म्हणून काही सांगण्याची ही दोन वर्षांतली पहिली वेळ होती. मास्तरांना ते इतकं बरं वाटलं की त्यांनी मान हलवली. पाच-सहा एकरांचा कोरडा ढीग त्यांना तेव्हा आठवला. पण मान हलवून झाली होती.

सकाळी ते वावरात गेले तेव्हा सूर्य निघायचा होता. धुऱ्यावर बाया बसल्या होत्या. बावीस नव्हत्या, चाळीसच्या वर होत्या. गोदाबाई होती. ज्या दोन वर्षांत वावरात दिसल्या नव्हत्या त्या होत्या. माणिकबाईची सासू होती, जिला कापूस दिसत नव्हता. ती बोटांनी चाचपून वेचणार होती. शालू होती, आठवा महिना लागलेली.

"भाव तीन आहे," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांनी वाटेत चार प्रकारे म्हणून पाहिलं होतं.

"मालूम हाये," माणिकबाई म्हणाली. तिचे हात मोकळे होते.

दुपार झाली तरी कोणी उठलं नाही. भाकरी खाल्ली ती उभ्याने. सूर्य मावळला, बोंडं दिसेनाशी झाली, तरी ओळी पुढे सरकत होत्या. चार आणे करायला तीनच्या भावात दिवस पुरत नव्हता, म्हणून दिवसच लांबवला जात होता, आणि घरातलं जे कोणी उभं राहू शकत होतं ते उभं केलं होतं. मास्तरांना गणित आता सरळ दिसलं: जितकं कमी देऊ तितकं जास्त मिळतं. चौथीच्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उन्हात शालू ओळीत खाली बसली. मास्तर लगबगीने गेले. "अगं, तू घरी जा. नीज जरा. मी सांगतो सासूला."

माणिकबाई तिथेच होती. "नको जी," ती म्हणाली. "बसली की दुखते तिची कंबर. उठ वं शालू." आणि हात देऊन तिने सुनेला उठवलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

संध्याकाळी कौसल्याबाईंनी डब्यातून भाकऱ्या आणि झुणका पाठवला, शालूच्या नावाने. स्वतः आल्या नाहीत. मास्तरांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कोन्या तोंडानं येऊ?"

चौथ्या दिवशी वेचणी संपली. सोळा एकर, एक बोंड मागे नाही. त्या साली बोंडंच कमी होती, पुन्हा वेचायला काही येणार नव्हतं. खुशालराव धुऱ्यावर आले, त्यांनी इकडून तिकडून वावर पाहिलं, आणि धाकट्या भावाच्या पाठीवर हात ठेवला. "आता समजलं तुले," ते म्हणाले. आषाढापासून दीड वर्ष मास्तर ज्या एका वाक्यासाठी झुरत होते ते हेच होतं. ते ऐकून त्यांनी छत्री मिटली, आणि पुन्हा उघडली.

बाया पैसे घेऊन गेल्या. माणिकबाई गेली नाही.

"उद्या काय हाये, मास्तर?"

"उद्या काही नाही. संपलं."

"पऱ्हाट्या उपटनं हाये नं?"

"ती वाळकी झाडं होळीच्या सुमारास उपटतो आम्ही. घाई नाही."

"आता उपटतो आमी. वाळल्याच हायेत. किसन बी यीन, शालू बी." मग तिने विचारलं, "काय देसान?"

चार म्हणावं, असं मास्तरांच्या मनात आलं. मग खुशालरावांची ओसरी आली, पंजाबराव आले, पाठीवरचा हात आला, आणि त्यांना वाटलं, आपण दोन म्हणू, ती हुज्जत घालेल, मग आपण तीन म्हणू, चारही म्हणू. गेल्या साली आठ आण्यांवर तिने दोनदा विचारून घेतलं होतं. हुज्जत घालणारी बाई होती ती.

"दोन आणे," ते म्हणाले, आणि वाट पाहत उभे राहिले.

माणिकबाईने पदराची गाठ आवळली. "बरं," ती म्हणाली. "उजेडाच्या अदुगर येतो."